बोरदऱ्याचा कोप

रविवार, १६ नोव्हेंबर

परदेशात पोचले. म्हणजे कळंब तालुक्यात.

वाक्य लिहून झाल्यावर एकटीच हसले, म्हणून खोडत नाही. वर्षभर मी मोझांबिकची तयारी केली. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी मुदतीआधी सोडली, पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, दर शनिवारी पोर्तुगीजच्या शिकवणीला गेले, वसईतल्या सगळ्या नातेवाइकांचा निरोप घेतला. व्हिसा आला नाही. मिशनच्या ऑफिसातून फोन आला, "तो येईपर्यंत मराठवाड्यात जाल का? तिथेही स्वयंसेवक हवा आहे." मी तिथल्या तिथे हो म्हटलं. ते हो सेवेचं होतं, की निरोप घेऊन झालाय आणि आता गावात तोंड कसं दाखवायचं याचं होतं, हे अजून ठरवता आलेलं नाही.

पण आज ते राहू दे. इथे केवढं आभाळ आहे! बोरदऱ्याचं चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब पांढरी खोली, पुढे कडुलिंब, कडुलिंबाला टांगलेली घंटा. बाजूला दवाखाना. तो सिस्टर बसंती चालवतात. त्या झारखंडच्या, जूनमध्येच इथे आल्या, हिंदीत बोलतात. फादर सिरिल मंगळूरकडचे, ते पन्नास किलोमीटरवरच्या मोठ्या मिशनमध्ये राहतात आणि अशी पाच गावं सांभाळतात. मला सोडायला तेच आले होते. गाडीतून उतरण्याआधी त्यांनी सगळं सरळ सांगितलं. इथे आपली अकरा घरं. ऑक्टोबरपासून बहुतेक सगळी ऊसतोडीला जातात, त्यामुळे नऊ वर्षं इथे नाताळची मिस्सा झालेली नाही. "या वर्षी ठेवून बघू. माणसं जमली तर हे केंद्र चालू ठेवा, असं मी बिशपांना सांगेन. नाही तर जानेवारीत कुलूप. अहवाल तुम्ही लिहायचा."

ते कुलूप ज्यांच्याकडे आहे ते कोंडिबा मास्तर दारातच उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर. फादर नसतात तेव्हा चाळीस वर्षं तेच प्रार्थना चालवतात. माझी बॅग हातातून काढून घेतली आणि पहिलं वाक्य बोलले ते असं : "घंटा बगा आदी. नाताळाची वाजून नऊ सालं झाली."

गुरुवार, २० नोव्हेंबर

भाषेची एक चिंता नाही, या विचाराने मी इथे निर्धास्त आले होते. गर्व नडला. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या सुमनबाई काल म्हणाल्या, "बाई, घरात माळवं न्हाय." मी आत जाऊन माझी जास्तीची जपमाळ आणली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली. त्यांनी ती उलटसुलट बघितली.

"हिला चिरू का आख्खी टाकू?"

माळवं म्हणजे भाजीपाला. पोर्तुगीजची वही भरत आली आहे, शेवटची आठ-दहा पानंच कोरी आहेत. आजपासून ती वही उलटी करून मागच्या बाजूने इथले शब्द लिहायचे. आवंदा म्हणजे यंदा. कामून म्हणजे का. सांजच्याला म्हणजे संध्याकाळी. रोज पाच शब्द, असा नेम.

माझ्या नावाचंही काहीतरी झालं आहे. चर्चच्या बांधाला लागून बिरदेव यांचं रान आहे, घरी चाळीसेक मेंढरं. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, सेलीन. ते गंभीरपणे म्हणाले, "शेळी न्हाय आमच्याकडं, समदी मेंढरंच हायत. बरं झालं आलात." आता अख्खं गाव मला शेळीबाई म्हणतं. मला राग आला का, हे प्रामाणिकपणे तपासलं. नाही आला. उलट बरं वाटलं, आणि हे बरं वाटणं जरा जास्तच आहे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

उद्यापासून आगमनकाळ, नाताळची वाट बघण्याचे चार आठवडे. रजिस्टर घेऊन फिरले. अकरांपैकी आठ घरांना कुलूप. उरलेल्या तीन घरांत मिळून माणसं नऊ, त्यातली तीन सत्तरीच्या पुढची. नऊ माणसांत मिस्सा होते, पण नऊ माणसांसाठी केंद्र चालू राहत नाही, हे मला कळतं. मास्तरांनाही कळतं. तरी ते घायपाताचा दोर वळत बसले होते, घंटेसाठी. जुना कुजला आहे.

"मोठ्या मिशनला जीप न्यायची ना तुम्हाला दर वर्षी?"

"न्यायची. पर आता गुडघं जीपमंदी मावत न्हाईत. आन् बाई, दुसऱ्याच्या घंटंवर नाताळ करायचा म्हंजी पावन्याच्या घरी वाढदिवस केल्यासारखं."

दोर वळताना ते मांडीवर घासतात, त्याचा एक आवाज होतो. तो ऐकत मी तासभर बसले. अहवालाला काही उपयोग नाही, पण तास वाया गेला असं वाटलं नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

गाण्याचा सराव सुरू! तीन घरांतले पाच गळे आणि माझा सहावा. आज दाराशी सुमनबाई आणि त्यांची नात श्रावस्ती उभ्या राहिल्या. सुमनबाई म्हणाल्या, "आमी बी येऊ का आत?"

मी गोंधळले. त्यांचं घर बौद्ध. मी त्यांना आत घेतलं तर ते फसवणं होईल का? उद्या त्यांना मोजून अहवालात घालण्याचा मोह मला होईल का? (झाला. लगेच झाला.) मी म्हटलं, "या, पण तुम्हाला कुणी बोलणार नाही ना?"

"कोन बोलंल? गानं म्हनल्यानं माझी दीक्षा पुसती व्हय? आन् तुमचा सूर लई वर जातो, तो धराया कुनीतरी पायजे."

खरंच जातो. आता आठ गळे.

मंगळवार, ९ डिसेंबर

जसं ऐकलं तसं लिहिते, पदरचं काही घालणार नाही.

सकाळी दहाला पिठाच्या गिरणीवर गेले. बाहेर बिरदेव आणि तीन-चार जण बसले होते. पाठ माझ्याकडे.

एक जण : "आवंदा कोप कुठं?"

बिरदेव : "चर्चाच्या बांधाला लागून. मोठा करायचा. मागल्या बारीला झाला तसला बारका न्हाय."

दुसरा : "पांडव?"

बिरदेव : "पाची तयार हायत. तोंडं पांढरी करून बसविल्यात."

मग कुणीतरी हसलं आणि म्हणालं, "सांजच्याला पेंढ्या पेटवून पळायचं."

तेवढ्यात बिरदेवांनी मला पाहिलं. चेहऱ्यावर जराही ओशाळलेपण नाही. म्हणाले, "ऐकलं का शेळीबाई? पुढल्या शुक्रवारी चर्चात बसायचं न्हाय. तुमी, शिस्टर, मास्तर, समद्यांनी भाईर यायचं. न्हाय आलात तर उचलून न्हेणार."

मी पीठ न घेताच परत आले.

हीच माणसं काल मला बोरं देत होती. पण बातम्या मीही वाचते, कुठे कुठे काय काय झालं ते मला माहीत आहे. आजचे पाच शब्द लिहायला वही घेतली. 'कोप' लिहिला नाही. तो मला येतो.

बुधवार, १० डिसेंबर

रात्री ठरवलं होतं की सुमनबाईंना विचारायचं. सकाळी विचार बदलला. एका बाजूला शेजारी, दुसऱ्या बाजूला आम्ही, अशा पेचात त्या गरीब बाईला टाकणं पाप आहे. तरी त्या आपण होऊन म्हणाल्या, "पुढल्या शुक्रवारी मी येनार न्हाय सैपाकाला. समदं गाव रानात आसतं." बोलताना डोळा चुकवला, असं मला वाटलं. (कांदा चिरत होत्या. पण तरी.)

मास्तरांना मात्र आडून विचारलंच.

"मास्तर, पुढच्या शुक्रवारी गावाचा कोप आहे म्हणतात."

"व्हय. दर साली आसतोय."

"दर साली! मग तुम्ही काय करता?"

"काय करायचं? जाऊन बसतो त्यात. थंडगार वाटतं."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. दोर वळता वळता, मान वर न करता हे बोलला. संतचरित्रं मी आयुष्यभर कपाटात लावली, आज एक समोर बसलेलं पाहिलं. मला रडू आवरलं नाही. त्यांना वाटलं माझ्या डोळ्यात काही गेलं. म्हणाले, "सुमनबाईला फुंकर घालाया सांगा."

शुक्रवार, १२ डिसेंबर

फादरांना फोन केला. तीन दिवस न करण्याचं कारण भीती नव्हती, वेगळं होतं, तेही लिहायला हवं : बातमी माझ्या एकटीकडे आहे याचं मला काहीतरी वाटत होतं.

फादरांनी सगळं मला दोनदा सांगायला लावलं. "कोप म्हणजे राग ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रागापेक्षा मोठा." मग ते म्हणाले, गुरुवारी जीप पाठवतो, तुम्ही दोघी निघा. पोलिसांत लगेच जायला नको, गाव बिथरेल. बोरदऱ्याची नाताळची मिस्सा रद्द, तो वेळ दुसऱ्या दोन गावांना देऊन टाकतो. आणि बिशपांच्या ऑफिसला कळवतो.

मास्तरांना मी सांगितलं. कारण मात्र खोटं दिलं. "फादरांना वेळ नाही." खरं सांगून त्यांच्या शांततेला धक्का लावणारी मी कोण?

ते म्हणाले, "बरं. फादर म्हनले आसतील तर."

मग उठले, नवा दोर घंटेला बांधलेला होता तो सोडला, हातावर गुंडाळून घेतला आणि घरी गेले. गाठ घट्ट होती. सुटेपर्यंत बराच वेळ लागला आणि मी तिथेच उभी होते.

मंगळवार, १६ डिसेंबर

बैलगाडीभर कडबा आला. ज्वारीच्या वाळक्या धाटांच्या पेंढ्या, चर्चच्या कुंपणापासून वीस पावलांवर. बिरदेव स्वतः उतरवत होते. त्यांच्या पत्नी सीताबाई मला हात हलवून हसल्या. वाळका कडबा! एक काडी पुरे.

सीताबाईंच्या डोक्यावर कोरं मडकं होतं. मडकं कशाला असावं, यावर पुष्कळ विचार केला. रॉकेल?

आज आत्मपरीक्षेत एक भयंकर गोष्ट सापडली. मी घाबरलेली आहे, पण त्याखाली मी आनंदात आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षाला टेकले, आजवर माझ्या हातून कुणाच्या आयुष्यात घडलेली मोठी घटना म्हणजे उशिरा आणलेल्या पुस्तकाचा दंड माफ होणं. आणि आता हे. दुपारी भांडी विसळताना मी वसईच्या चर्चमध्ये माझ्या फोटोखाली लिहायचा मजकूर मनात तयार केला. दोनदा सुधारला. प्रभू, क्षमा कर.

गुरुवार, १८ डिसेंबर

जीप चारला आली. मी गेले नाही.

सिस्टर बसंतींनी माझा हात ओढला. "पागल हो क्या, दीदी?" मी म्हटलं, मास्तर जाणार नाहीत, मग मी कशी जाऊ? त्या रडत गेल्या. फादरांचा फोन आला, ते रागावले होते. आज्ञाभंग झाला आहे, त्याची नोंद करते. पण कोंडिबा मास्तरांनी एकट्याने जाऊन त्या कोपात बसायचं आणि मी पन्नास किलोमीटरवर नाताळचे तारे चिकटवायचे, हे जमणार नाही. हे धैर्य आहे की त्या फोटोखालचा मजकूर, ते उद्या कळेल.

पोर्तुगीजचा शब्दकोश श्रावस्तीला द्यावा. तिला भाषांची आवड आहे.

शुक्रवार, १९ डिसेंबर, सकाळ

चर्चमध्ये बसून लिहिते आहे. दार आतून लावलं आहे. गाव नऊपासूनच रानात निघालं. टोपल्या, मडकी, लहान मुलं, म्हाताऱ्या. मुलं कशाला नेतात? खिडकीतून दिसतं की कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या आहेत, गोल, वर शेंड्याला एकत्र बांधलेल्या. माणसं रांगेने कुंपणाकडे येत आहेत. पुढे बिरदेव. हातात काहीतरी

शुक्रवार, १९ डिसेंबर, संध्याकाळ

क्रमाने लिहिते. कितीही लाज वाटली तरी क्रमाने.

बिरदेवांनी दार वाजवलं. "ओ शेळीबाई! भाईर येताव का उचलू?"

मी दार उघडलं. पायरीवर उभी राहिले आणि रात्रभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "तुमचा जो काही कोप असेल तो माझ्यावर काढा. पण चर्चला आणि मास्तरांना हात लावू नका."

बिरदेवांच्या हातात जर्मलचा तांब्या होता. त्यात ताक दिसत होतं.

"म्हंजी?" बिरदेव म्हणाले. "एकल्या तुमच्यावर कसा काढू? त्यात धा जन बसत्यात."

"कशात?"

"कोपात!"

आणि मागून सुमनबाईंचा आवाज आला. "आगं बया. आगं बया बया. ही बाई येगळंच समजली." त्या खालीच बसल्या आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. हसता हसता बाकीच्यांना सांगायला लागल्या, आणि ते ओळीने मागे मागे पोचत गेलं, तसतसं हसणं कुंपणापलीकडे, बांधापलीकडे पसरत गेलं. कोणीतरी लांबून ओरडलं, "बाई म्हनती आमी चर्च जाळतोय!" त्यावर मात्र बिरदेव हसले नाहीत. तांब्या सीताबाईंकडे दिला, पायातली वहाण काढली आणि पायरीवर माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, म्या? माझी आई ह्या दवाखान्यात बरी झाली."

मी माफी मागायला लागले. त्यांनीच सुटका केली. "चला. आंबील गरम हुती."

आज वेळ अमावास्या. इकडे तिला येळवस म्हणतात. उभ्या ज्वारीची पूजा करायची, सगळ्या गावाने रानात जेवायचं, वाटेवरच्या अनोळखी माणसालाही ओढून आणायचं. आणि पूजेसाठी रानात कडब्याची खोप उभारतात, तिला म्हणतात कोप.

कोप.

मी वाकून आत गेले. आत हिरवट उजेड होता आणि खरोखर थंडगार वाटत होतं. पाच दगड चुन्याने रंगवून ओळीने बसवले होते, तेच पाच पांडव, तोंडं पांढरी केलेले. कोऱ्या मडक्यात आंबील, ज्वारीच्या पिठाची, ताकातली. तिचा तांब्या बिरदेव रानभर शिंपडून आले. आणि कोपाला पाठ टेकून, पाय लांब करून, कोंडिबा मास्तर बसले होते, भज्जीचं ताट मांडीवर. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. रानातली झाडून सगळी भाजी, ओले हरभरे, शेंगा, डाळीच्या पिठात एकत्र शिजवलेल्या. असं काही मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. तीनदा घेतली. चौथ्यांदा सुमनबाईंनी विचारलंच नाही, वाढली.

सगळं मास्तरांच्या कानावर आलं होतं. त्यांनी घास संपवला, हात पुसला.

"मंग फादरला येळ न्हाय, ते?"

मी मान खाली घातली. "ते खोटं होतं. माझ्यामुळे रद्द झालं."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. म्हणाले, "भ्यालात त्येचं काय न्हाय. मानूस भितंय. पर बाई, ह्या गावात माझी अठ्ठ्याहत्तर सालं गेली. मला इचारायचं."

मी म्हटलं, "विचारलं होतं की मास्तर, आडून."

"आडून कामून? म्या काय भिंत हाय व्हय?"

संध्याकाळी पोरांनी पेंढ्या पेटवल्या आणि रानाभोवती पळाली. मीही त्यांच्याबरोबर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. उद्या फादरांना फोन.

शनिवार, २० डिसेंबर

फादरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही वर्षभर पोर्तुगीज शिकलात. दोन मिनिटं विचारायला झाली नाहीत?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. चोवीसची संध्याकाळ आणि पंचवीसची सकाळ त्यांनी इतर गावांना दिली आहे, ती आता परत मागता येत नाही. पंचविसाला दुपारी तीनला येऊ शकतो, तासभर. "पण बिशपांच्या ऑफिसात गेलंय की तिथे लोकांचा विरोध आहे. ते आता मी शब्दांनी पुसू शकत नाही. त्यांना दिसायला पाहिजे."

दुपारी तीनची नाताळची मिस्सा! मास्तरांना जाऊन सांगितलं.

ते म्हणाले, "तीन तर तीन. बाळ तीनला झालं म्हनून कोन माघारी धाडतंय व्हय?"

आणि दोर आणायला घरी गेले.

सोमवार, २२ डिसेंबर

ई-मेल आली. मोझांबिकचा व्हिसा मंजूर. फेब्रुवारी. हे पत्र वर्षभर मनात किती वेळा वाचलं होतं! आज वाचलं आणि सरावाला उशीर होत होता म्हणून फोन ठेवून दिला. उत्तर द्यायला हवं.

सिस्टर बसंती परत आल्या. गावातली पोरं त्यांना वाटेतच अडवून सगळी गोष्ट सांगून मोकळी झाली होती. मला पाहिल्या पाहिल्या म्हणाल्या, "कोप कहाँ है? मुझे भी बैठना है." माझं शेळीबाई हे नाव गेलं. आता मी कोपाच्या बाई. गिरणीवर आज मला बघून म्हातारे बाजूला सरकले आणि एक म्हणाला, "जागा द्या रं, न्हायतर बाईंचा कोप हुईल." पीठ मात्र आधी माझं दळून दिलं.

बुधवार, २४ डिसेंबर

नाताळचा देखावा मी वसईच्या पद्धतीने करणार होते. गोठा, गवत, कागदाचे डोंगर. मास्तर सकाळी कुंपणाशी गेले आणि बिरदेवांना हाक मारली. मी ऐकत होते.

"बिरदेवा, तुजा कोप मोडलास का आजून?"

"न्हाय. आज मोडतो. मेंढरं टपूनच हायत."

"मोडू नगंस. मला दे. आत बसवायचाय."

बिरदेवांनी थोडा विचार केला. "देतो. पर पांडव माझे. ते आलीकडंच ऱ्हातील."

"तुझं पांडव तू ठेव. माझं तिघं हायत."

चौघांनी तो कोप उचलून आणला. दारातून मावेना, तेव्हा दाराची एक फळी काढली. वेदीच्या डाव्या बाजूला उभा केला. मी विचारलं, (सरळ विचारलं, आडून नाही,) "मास्तर, गोठ्याऐवजी कोप, चालेल ना?"

ते बाळाची मूर्ती फडक्याने पुसत होते. "माझा नातू कारखान्याच्या फडावर झाला. मागल्या साली. ऊस तोडाया जात्यात ती मानसं कुठं ऱ्हात्यात? कोपीतच की. सूनबाईनं सकाळी मोळ्या बांधल्या आन् दुपारी बाळ. मला तर ह्ये असंच दिसतंय."

मूर्ती त्यांनी आत कडब्यावर ठेवली. कागदाचे डोंगर मी गुंडाळून ठेवले.

गुरुवार, २५ डिसेंबर

पावणेतीन. चर्चमध्ये नऊ माणसं, सुमनबाई, श्रावस्ती, सिस्टर आणि मी. फादरांची जीप रस्त्यावर दिसली. रानं भरलेली होती, लोक कामात होते. मी मनात अहवालाचं पहिलं वाक्य जुळवत होते आणि ते खोटं न होता चांगलं कसं दिसेल ते बघत होते. असं काही जुळवायचं नसतं, हेही मला कळत होतं.

मास्तरांनी खिशातून मोबाइल काढून श्रावस्तीला दिला. "लाव आमच्या लेकाला." तो कर्नाटकाच्या हद्दीजवळ फडावर आहे, कुलूप लागलेली बाकीची सात घरंही त्याच्याबरोबर. मास्तरांनी फोन घंटेजवळ धरायला सांगितला आणि दोर ओढला.

नऊ वर्षांनी! पहिल्या ठोक्याला कडुलिंबातले सगळे बगळे उठले. फोनमधून ओरडणं ऐकू येत होतं, बायका-पुरुषांचं, आणि मध्येच एका बाळाचं. मास्तर थांबेनात. फादर जीपमधून उतरून तसेच उभे राहिले.

मग रानातून माणसं यायला लागली. विळे कमरेला, डोक्याला टापश्या, हातपाय धुळीने भरलेले. बिरदेव पुढे. "आमचा कोप हाय आत, बगाया नको?" ते फादरांना म्हणाले आणि आत शिरले. सीताबाईंनी मडकं आणलं होतं. बाकं पुरली नाहीत, लोक दारात बसले, खिडक्यांना लटकले. दाराची फळी काढलेली होती ते बरं झालं.

फादर कोपासमोर थांबले. "हे काय आहे?"

"कोप," मास्तर म्हणाले.

फादरांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा त्या कडब्याकडे, आत ठेवलेल्या बाळाकडे. आणि शर्टाच्या खिशातून मोबाइल काढून त्यांनी फोटो घेतला, बिरदेवांसकट, मास्तरांसकट. "बिशपांना हा पाठवतो," म्हणाले. "खाली एक शब्द लिहितो. बघू, त्यांना कळतो का."

मिस्सेत मी सुमनबाईंच्या शेजारी उभी राहून गायले. सूर वर गेला तेव्हा त्यांनी कोपर मारलं.

निघताना फादर मास्तरांना म्हणाले, "पुढच्या वर्षी पण तीन वाजता चालेल?"

"न्हाय," मास्तर म्हणाले. "पुढल्या साली रातच्याला बारा. कुलूप माझ्याकडंच हाय."

फादर हसले आणि चावी त्यांच्याकडेच राहू दिली.

आत्ता संध्याकाळचे सहा. अहवाल लिहून झाला. रजिस्टरातली माणसं नऊ, तेवढीच लिहिली. बाकीच्यांना मोजलं नाही, आणि तेही लिहिलं. मग शब्दांची वही घेतली. मागून लिहीत आलेली माझी पानं पुढच्या पोर्तुगीजला येऊन भिडली आहेत, एकच ओळ शिल्लक होती. तिच्यावर आजचा शब्द लिहिला. उद्या सकाळच्या एसटीने कळंबला जाऊन नवी वही आणायची, दोनशे पानी.

कोप (पु.) : कडब्याचा. यात बसतात.

अर्थ मास्तरांना विचारून लिहिला.